जुन्या गाण्यांची गोधडी

'आय नो' नावाच्या एका गाण्यात मधूनमधून एक शीळ ऐकू येते. निवांत, समुद्राकडे तोंड करून घातल्यासारखी. गाणाऱ्या तिघांपैकी कुणाचीच ती नाही. ती ओटिस रेडिंग या अमेरिकी गायकाची. १९६७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्याने 'सिटिंग ऑन द डॉक ऑफ द बे' रेकॉर्ड केलं, शेवटी शीळ घातली, आणि काही दिवसांतच विमान अपघातात तो गेला. ते गाणं लोकांनी ऐकलं ते १९६८ उजाडल्यावर, तो नसताना. एकवीस वर्षांनी न्यूयॉर्कजवळच्या तीन पोरांनी ती शीळ उचलली आणि स्टीली डॅन या बँडच्या १९७७ सालच्या 'पेग' गाण्यातल्या एका तुकड्याशी तिची गाठ मारली. ही दोन गाणी त्याआधी एकमेकांच्या वाटेलाही गेली नव्हती. इथे मात्र ती एकाच घरात वाढल्यासारखी वाजतात.

ती पोरं म्हणजे डे ला सोल, आणि त्यांचा पहिला अल्बम म्हणजे 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'. तो मार्च १९८९ मध्ये आला. हिपहॉपची, म्हणजे ठेक्यावर बोलत म्हणायच्या रॅप संगीताची आवड असलेल्यांना त्याचं नाव पाठ असतं, पण २०२३ पर्यंत मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या एकाही मोठ्या सेवेवर तो नव्हता. इतका गाजलेला अल्बम, आणि इतकी वर्षं अडकून का पडला? ते समजायचं तर आधी तो बनला कसा ते पाहायला हवं, कारण त्याचं मोठेपण आणि त्याची अडचण एकाच ठिकाणी आहेत.

ॲमिटीव्हिल हे लाँग आयलंडवरचं गाव. न्यूयॉर्क शहरातल्या दाटीतून बाहेर पडून जरा मोकळ्या जागेत घर घेणारी बरीच कृष्णवर्णीय कुटुंबं या भागात आली. तिघंही अशाच घरांतले, शाळेपासूनचे मित्र. केल्विन मर्सर, डेव्हिड जोलिकर आणि व्हिन्सेंट मेसन. व्हिन्सेंटचा झाला मेसिओ. डेव्हिडला दही आवडायचं, म्हणून त्याने 'योगर्ट'ची इंग्रजी अक्षरं उलटी लावून 'ट्रुगॉय' हे नाव घेतलं. केल्विनचं 'पॉस्डनूस' हेही असंच उलटं वाचायचं नाव. तिघं एकमेकांना 'प्लग वन', 'प्लग टू', 'प्लग थ्री' म्हणत, म्हणजे माइकची पिन ज्या भोकात खुपसायची त्याच्या क्रमांकाने. गावातलाच, त्यांच्यापेक्षा थोडा मोठा पॉल ह्यूस्टन, म्हणजे प्रिन्स पॉल, तेव्हा स्टेटसासॉनिक या नावाजलेल्या गटाचा डीजे होता. त्याने त्यांची टेप ऐकली आणि अल्बमची सूत्रं हाती घेतली. तो स्वतःही तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता.

अल्बमचं नावही उसनंच. जॉनी कॅश या अमेरिकी गायकाचं १९५९ सालचं पुरावरचं एक गाणं आहे. त्यात पाणी किती चढलं असं विचारत राहतात आणि उत्तरातला आकडा दर वेळी एकेका फुटाने वाढत जातो. त्यातली तीन फुटांची ओळ या पोरांनी घेतली: तीन फूट चढलंय, आणि चढतंच आहे. ते तिघे होते, म्हणून तीन. कॅशचा तो आवाज 'द मॅजिक नंबर' या गाण्यात ऐकू येतो, आणि हे गाणं मुळात उभं आहे ते अमेरिकेतल्या मुलांना टीव्हीवर पाढे शिकवणाऱ्या एका गाण्यावर. पुराचं गाणं आणि तीनचा पाढा! हे दोन तुकडे शेजारी ठेवण्याचं धाडस मला आजही थक्क करतं.

या अल्बमला 'अल्टरनेटिव्ह हिपहॉप' म्हणतात. म्हणजे काय, तर तेव्हाच्या मळलेल्या वाटेपेक्षा वेगळं. १९८८-८९ च्या सुमारास हिपहॉपचा एक ठरलेला अवतार होता: गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या, चेहऱ्यावर दरारा, आवाजात आव्हान. त्याला सबळ कारणंही होती. पब्लिक एनिमीसारखे गट वंशभेदावर थेट, आग ओकत बोलत होते आणि ते बोलायलाच हवं होतं. डे ला सोल त्यांच्या विरोधात नव्हते. फक्त रॅप करायला एकच चेहरा लागतो, हे त्यांना मान्य नव्हतं. 'मी मायसेल्फ अँड आय'च्या व्हिडिओत एक वर्ग दाखवलाय. तिथले मास्तर रॅपर कसा दिसतो ते शिकवतात, आणि हे तिघे साध्या कपड्यांत मागच्या बाकांवरच्या पोरांसारखे बसलेत, सगळा वर्ग त्यांच्यावर हसतोय. पिवळ्याधमक मुखपृष्ठावर डेझीची फुलं पाहून लोकांनी त्यांना हिप्पी म्हणायला सुरुवात केली. ते त्यांना अजिबात रुचलं नाही. त्यांच्या भाषेत 'डेझी' हे 'आतला आवाज' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप होतं. १९९१ साली आलेल्या दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांनी डेझीची कुंडीच फोडलेली दाखवली.

आणि फुलं पाहून आतला माल हलका समजू नये. 'से नो गो' हे क्रॅक या अमली पदार्थाच्या विळख्याबद्दल आहे, आणि त्यात व्यसनी आईच्या पोटी जन्मलेलं बाळ येतं. चाल मात्र नाचावीशी वाटेल अशी, हॉल अँड ओट्स या जोडीच्या एका लोकप्रिय गाण्यावर बेतलेली. पाय ठेका धरतात आणि चार ओळींनंतर आपण कशावर नाचतोय ते कळून पाय थबकतात.

गाण्यांच्या अधेमधे छोटे संवाद आहेत. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेची नक्कल केली आहे, आणि प्रश्न असे की उत्तर असूच शकत नाही: कोंबडीला पिसं किती, बॅटमॅनच्या गाडीचं चाक किती वेळा पंक्चर झालं. आपल्याकडे तमाशात बतावणी जे काम करते तेच हे संवाद इथे करतात. दोन रचनांच्या मधे श्वास घ्यायला जागा देतात आणि सगळा ऐवज एका धाग्यात ओवतात. पुढे हिपहॉप अल्बममध्ये असे संवाद घालण्याची जी रीत पडली, तिचं श्रेय बहुतेक जण याच अल्बमला देतात.

आता मुख्य गोष्ट, सॅम्पलिंग.

आमच्या घरी एक गोधडी आहे. तिच्या एका कोपऱ्यात आजीच्या नऊवारीचा काठ आहे, मधे वडिलांच्या शाळेच्या गणवेशाचा खाकी तुकडा आणि एका बाजूला आत्याच्या परकराची फुलं. बोट ठेवून सांगता येतं कुठला तुकडा कुणाचा. पण थंडीत अंगावर घेता तेव्हा ती लुगडं नसते की गणवेश नसते, ती गोधडी असते. सॅम्पलिंग म्हणजे हेच. आधी रेकॉर्ड झालेल्या गाण्यातला एखादा तुकडा, ढोलाचे दोन ठोके, गिटारची एक फिरत, कुणाची शीळ, कापून घ्यायचा आणि दुसऱ्या तुकड्यांना जोडायचा. शिवणाऱ्याचं कसब तुकडे निवडण्यात आणि शेजार ठरवण्यात.

हे काम करणाऱ्या यंत्राला सॅम्पलर म्हणतात. रेकॉर्डवरचा आवाज तो आकड्यांच्या रूपात साठवतो आणि बटण दाबलं की हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा वाजवतो. त्या काळच्या सॅम्पलरांची स्मृती फारच तोकडी, काही सेकंदांची. म्हणून एक युक्ती सर्रास चाले. मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड मुद्दाम ४५ च्या वेगाने फिरवायची, त्यामुळे तुकडा कमी सेकंदांत बसायचा, आणि मग यंत्रात तो पुन्हा सावकाश करायचा. या उलाढालीत आवाजाला थोडा खरखरीतपणा येतो. त्या दशकातल्या हिपहॉपचा जो उबदार, धुळकट पोत आपल्या कानात बसलाय, त्यात या काटकसरीचाही वाटा आहे.

खरी कसोटी सुराची. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर समजा एक तुकडा काळी दोनमध्ये आहे आणि दुसरा पांढरी पाचमध्ये. दोन्ही एकदम वाजवले तर कान दुखतील. पट्टी जुळवायला रेकॉर्डचा वेग वाढवावा, तर पट्टीबरोबर लयही चढते. लय जुळवायला वेग कमी करावा, तर पट्टी उतरते. एक धरलं की दुसरं सुटतं. आज संगणकावर हे दोन्ही वेगवेगळं करता येतं, तेव्हा मात्र ते महागड्या उपकरणांचं आणि कानांचं काम होतं. 'आय नो'तली शीळ आणि 'पेग'चा तुकडा इतके बेमालूम बसलेत त्यामागे ही जुळवाजुळव आहे. 'रेडीमेड माल चिकटवला' असं म्हणणाऱ्याने एकदा दोन रेकॉर्डी घेऊन हे करून पाहावं.

तुकडे कुठून आले, तर आईवडिलांच्या कपाटातूनही. तोवर हिपहॉपवाले बहुधा गायक जेम्स ब्राउन आणि फंक या ठेकेदार संगीताकडे वळत. या पोरांनी सगळंच उघडलं: रॉक, कंट्री, मुलांची गाणी, फ्रेंच शिकवणारी रेकॉर्ड. 'पॉटहोल्स इन माय लॉन'मध्ये चक्क योडेल आहे, आल्प्सच्या डोंगरातले गुराखी गळ्यातून काढतात तो उसळता आवाज. त्याच्याबरोबर मोरचंगासारखं तोंडात धरून वाजवायचं वाद्य झणझणतं. हे दोन्ही पार्लमेंट या फंक गटाच्या १९७० सालच्या एका गाण्यातून घेतलंय. आता 'पॉटहोल्स'चा विषय ऐका: आमच्या शब्दांची इतरांनी चोरी केली आणि आमच्या हिरवळीत खड्डे पडले. दुसऱ्याच्या सुरावर बसून स्वतःच्या शब्दांची राखण. त्यांच्या मनात यात विसंगती नव्हती. माझे शब्द जसेच्या तसे उचलणं वेगळं आणि जुन्या तुकड्यातून नवं काही शिवणं वेगळं, असा त्यांचा हिशेब होता, आणि मला तो पटतो.

अल्बमचं स्वागत जोरदार झालं. 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात १९८९ चा तो पहिल्या क्रमांकाचा अल्बम ठरला. 'मी मायसेल्फ अँड आय' गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्डच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत अव्वल आलं.

आणि मग 'द टर्टल्स'ची नोटीस आली.

अल्बममध्ये 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स' नावाचा एक तुकडा आहे, मंगळावरून थेट प्रक्षेपण. धड गाणंही नाही, मिनिटभराहून थोडा मोठा. खाली एक संथ, हेलकावणारी धून आणि वर फ्रेंच भाषेचे धडे देणारे आवाज. ती धून म्हणजे टर्टल्स या बँडचं १९६८ सालचं 'यू शोड मी', वेग कमी करून वाजवलेलं. टर्टल्सचे हॉवर्ड केलन आणि मार्क व्होलमन यांनी परवानगी न घेतल्याबद्दल दावा लावला. डे ला सोलचं म्हणणं असं की वापरलेल्या गाण्यांची यादी त्यांनी आपल्या कंपनीला, टॉमी बॉयला, दिली होती. बऱ्याच तुकड्यांच्या परवानग्या घेतल्या गेल्या होत्या, ही एक राहिली. प्रकरण कोर्टाबाहेर पैसे देऊन मिटलं.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'यू शोड मी' टर्टल्सनी गायलं, पण लिहिलं नव्हतं. ते जीन क्लार्क आणि रॉजर मॅग्विन यांचं, म्हणजे बर्ड्स या दुसऱ्याच बँडमधल्या दोघांचं. मग टर्टल्सना दावा कसा लावता आला? कारण एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल, ती गीतकार-संगीतकाराची किंवा त्यांच्या प्रकाशकाची. दुसरी ते विशिष्ट रेकॉर्डिंग, ते ज्याच्या मालकीचं त्याचं. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यातही हे हक्क असेच वेगवेगळे धरलेत. तुम्ही एखादं जुनं भावगीत तबला-पेटी घेऊन स्वतः गायलात तर फक्त पहिल्या मालकाशी गाठ पडते. पण मूळ तबकडीवरचा आवाजच कापून घेतलात, तर दोन्ही दारं ठोठावावी लागतात. सॅम्पलिंगवाल्याला दर तुकड्यामागे दोन सह्या लागतात त्या यामुळे. पुढच्या काळात अनेक निर्मात्यांनी वादक बोलावून तीच धून नव्याने वाजवून घ्यायला सुरुवात केली, कारण तेवढंच एक दार कमी होतं.

दोन वर्षांनी दोर आणखी आवळला गेला. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध गिल्बर्ट ओसलिव्हनच्या एका गाण्यावरून न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला झाला. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या आज्ञेने केली: चोरी करू नकोस. अल्बमची विक्री थांबवावी लागली. त्यानंतर कंपन्यांचे वकील प्रत्येक ठोका कानाला लावून तपासू लागले.

गोधडीत डझनावारी तुकडे असतील तर हिशेब कसा होतो पाहा. समजा एका गाण्यात तीन तुकडे आहेत आणि प्रत्येक मालकाने रुपयातले सहा आणे मागितले. झाले अठरा आणे. रुपयाच सोळा आण्यांचा, मग गाणाऱ्याने काय घ्यायचं? वर कुणाची अट असते की दुसऱ्याला माझ्यापेक्षा जास्त दिलंत तर मलाही तेवढंच द्या. एक आकडा वाढला की सगळे वाढतात. शिवाय कुणी 'नाही' म्हटलं तर विषय संपला. त्यामुळे 'थ्री फीट हाय'सारखा अल्बम बनवायची रीत काही वर्षांतच मावळली. कल्पना संपल्या म्हणून नाही, परवडेना म्हणून. ज्यांच्या हातात कपाटभर जुन्या रेकॉर्डी होत्या पण खिशात वकिलाचे पैसे नव्हते, अशा विशीतल्या पोरांसाठी ते दार लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुन्या कलाकाराला त्याचा वाटा मिळायलाच हवा. ओटिस रेडिंगच्या शिळेचे पैसे त्याच्या घरी जायलाच हवेत. पण वाटा ठरवण्याची एखादी सरळ, आधीच ठाऊक असलेली रीत असती, तर दोन्ही घरं सुखी राहिली असती.

आता इंटरनेटचं कुलूप. ज्या तुकड्यांच्या परवानग्या १९८९ मध्ये घेतल्या होत्या, त्या करारांत रेकॉर्ड आणि कॅसेट अशी माध्यमं नावानिशी लिहिलेली होती, असं पॉस्डनूसने सांगितलं आहे. पुढे कुठल्याही माध्यमात गाणं विकता येईल, असं एखादं वाक्य असतं तर प्रश्नच नव्हता. पण मोबाइलवर गाणी वाजतील हे तेव्हा कुणाच्या मनात येणार? एका वाक्याच्या अभावी प्रत्येक तुकड्याची बोलणी नव्याने करणं आलं, आणि या काळात काही हक्क दुसऱ्याच कंपन्यांच्या हातात गेलेले. दरम्यान अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० च्या यादीत या अल्बमला राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. देशाने जपून ठेवावा असा अल्बम, आणि नव्या पिढीला तो ऐकायला मिळू नये!

तिघांनी हात बांधून वाट पाहिली नाही. २०१४ च्या १४ फेब्रुवारीला त्यांनी आपले जुने अल्बम २५ तास फुकट उतरवून घ्यायला खुले केले. पुढच्या वर्षी चाहत्यांकडून वर्गणी मागितली, ६ लाख डॉलरच्या वर जमली. त्या पैशांत त्यांनी वादकांना स्टुडिओत बसवलं, दोनशेहून जास्त तास मनमोकळं वाजवून घेतलं आणि मग स्वतःच्याच या रेकॉर्डिंगमधून तुकडे कापून २०१६ चा अल्बम शिवला. कुणाच्या सहीची गरज नको म्हणून आधी स्वतः कापड विणलं, मग फाडलं, मग शिवलं. गोधडी शिवणारीला हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावेल.

२०१९ मध्ये टॉमी बॉयने जुने अल्बम इंटरनेटवर आणायची तयारी केली, पण मिळकतीतला आपला वाटा फारच तुटपुंजा असल्याचं गटाने जाहीरपणे सांगितलं आणि बोलणी फिसकटली. २०२१ मध्ये रेझरव्हॉयर या कंपनीने टॉमी बॉय विकत घेतली. तिने गटाशी नव्याने करार केला आणि तुकड्यांच्या परवानग्या पुन्हा गोळा करायचं काम हाती घेतलं. तारीख ठरली ३ मार्च २०२३.

१२ फेब्रुवारीला ट्रुगॉय गेला. ५४ वर्षांचा होता. अल्बम सगळ्यांच्या फोनवर आला त्याच्या १९ दिवस आधी.

आता तो कुठेही ऐकता येतो. तासाभराहून मोठा आहे. पहिल्यांदा ऐकणार असाल तर आधी टर्टल्सचं 'यू शोड मी' पूर्ण ऐका, मग 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स' लावा. धून तीच आहे, फक्त पावलं जड झालीत, आणि वर कुणीतरी शांतपणे फ्रेंच शिकवतंय. त्यानंतर 'आय नो' लावा आणि शिळेची वाट पाहा.